ट्रॅव्हलरमधली दुसरी बॅटरी: बाबांच्या मशीनसाठी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळी संपली. आता गाडीचं वायरिंग हातात घ्यायचं ठरलं. जुनी फोर्स ट्रॅव्हलर, मागच्या सीटा काढून दोन बर्थ, एक ओटा आणि एक कपाट, एवढं सुतारकाम पावसाळ्यात झालं. सीटांच्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते, तीही आधीच घेऊन ठेवली आहे. राहिली ती वीज.

ही वीज मुख्यतः बाबांसाठी हवी आहे. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्रभर सीपॅप मशीन (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपावं लागतं. तीन वर्षांत ते एकदाही घराबाहेर मुक्कामाला गेलेले नाहीत. "तिथं रात्री लाइट गेली तर?" हा त्यांचा एकच प्रश्न असतो. एमएसईबीत लाइनमन म्हणून हयात गेली त्यांची, त्यामुळे लाइट जाते कशी हे त्यांना कुणी सांगायला नको.

आज फक्त हिशोब केला. सीपॅप, पाण्याची वाफ करणारा हीटर बंद ठेवून, सरासरी ३० वॅट. आठ तासांचे २४० वॅट-तास. छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा, पण तो सारखा चालत नाही. चाळीस टक्के वेळ धरला तर दिवसाचे ४३० च्या आसपास. पंखा १२०, एलईडी दिवे ६०, मोबाइल ४०. बेरीज ८९०. हीटर चालू ठेवला तर सीपॅपचा आकडा जवळपास दुप्पट होतो आणि बेरीज ११०० च्या घरात जाते.

१० नोव्हेंबर, रविवार

बॅटरी ठरली: लिथियम आयर्न फॉस्फेट, १०० अँपिअर-तास, १२.८ व्होल्ट. म्हणजे १२८० वॅट-तास. साध्या लेड-ॲसिडची निम्म्याखाली उतरवली की आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून तेवढ्याच कामाला जवळपास दुप्पट क्षमतेची घ्यावी लागली असती. वजनही दुपटीहून कितीतरी जास्त. शिवाय झोपायच्या जागेत चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सोडणारी बॅटरी मला नकोच होती.

गॅरेजवाल्यांचा सल्ला: "मॅडम, दोन्ही बॅटऱ्या रिलेनं जोडून टाका, गाडी चालू झाली की दोन्ही चार्ज." रिले म्हणजे विजेनं आपोआप जुळणारा-सुटणारा स्विच. लेड-ॲसिडच्या जोडीला हे चालतं. लिथियमला नाही, आणि त्याची कारणं दोन. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की रिकामी असताना ती अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) देईल तेवढा करंट ओढते. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असली की अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, वारा कमी आणि भार पूर्ण, मग वाइंडिंग तापतं. दुसरं कारण जास्त फसवं आहे. व्होल्टेज बघून जोडणारा रिले साधारण १२.८ च्या खाली आला की सुटतो. भरलेली लिथियम गाडी बंद असतानाही १३.३ दाखवते. मग रिले सुटतच नाही, आणि आपली बॅटरी रात्रभर गाडीच्या बॅटरीला पाजत बसते.

म्हणून मध्ये २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर. तो अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेतो, लिथियमला हवं तसं १४.४ पर्यंत चढवतो आणि इग्निशन बंद झालं की वाट तोडतो. चार-पाच तासांच्या प्रवासात रिकामी बॅटरी भरली पाहिजे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी तपकीर गल्ली, पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार. बाबा बरोबर आले, गर्दीत चालायचा त्रास होतो तरी आले.

गाडीच्या मूळ बॅटरीपासून मागच्या कपाटापर्यंत तारेची वाट दोरी टाकून मोजली होती, साडेपाच मीटर. वीस अँपिअर बाहेर द्यायचे तर चार्जर आत साधारण २२ ओढणार. तांब्याची ६ स्क्वेअर एमएमची तार घेतली तर जाण्या-येण्याच्या अकरा मीटरमध्ये ०.७ व्होल्ट गळतो. १० स्क्वेअरमध्ये ०.४. १६ स्क्वेअरमध्ये पाव व्होल्टच्या जरा वर. १२ व्होल्टच्या दुनियेत पाव व्होल्टलाही किंमत आहे, घरच्या २३० मध्ये त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी १६ घेतली.

पहिल्या दुकानातली तार हातात घेताच बाबा म्हणाले, "हलकी आहे." दुकानदार शंभर टक्के कॉपर म्हणत होता. बाबांनी खिशातला चाकू काढून एक धागा खरवडला, आतून पांढरा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि लग (तारेच्या टोकाला बसवायचा, बोल्टखाली जाणारा धातूचा कान) दाबल्यावर ॲल्युमिनियम काळ जाईल तसं दबत जातं, जोड सैल होतो. माझा सगळा हिशोब तांब्याचा होता. आम्ही काही न बोलता बाहेर आलो. तिसऱ्या दुकानात कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक धाग्यांची तांब्याची तार मिळाली. कोकणात खाऱ्या हवेत जायचंय, तिथं कथिल कामाला येईल.

लाल सहा मीटर घेतली, काळी दीडच. परतीच्या वाटेला गाडीची बॉडी वापरायची, जशी गाडीत सगळीकडे वापरलेली असते, असं ठरवलं. (हे चुकलं. १ डिसेंबरची नोंद बघा.)

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी आठला मत देऊन आलो आणि दुपारपर्यंत गाडीखाली होते.

तार चॅसिसच्या आतल्या अंगानं नेली. सायलेन्सरच्या पाइपपासून हातभर लांब, डिझेलच्या नळीच्या दुसऱ्या बाजूनं. पूर्ण लांबी कोरुगेटेड पाइपात. पत्र्यातून आत शिरते तिथं भोक पाडलं, कानशीनं कडा घासल्या, रंग लावला, रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, बसवलं. हे ग्रोमेट पाच-दहा रुपयांचं असेल, पण गाडी हलते, पत्र्याची कड रोज थोडीथोडी तार कापते आणि दोन वर्षांनी एके दिवशी लाल तार थेट बॉडीला टेकते. दर वीतभर अंतरावर क्लिप.

पाठ भरून आली. आईनं पोहे गाडीखाली आणून दिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज लग दाबायचे होते. १६ स्क्वेअरचे लग साध्या पकडीनं दाबले जात नाहीत. जवळच्या एका वायरमनकडे तारेची टोकं नेली. त्यांनी लग ऐरणीवर ठेवला, वर छिन्नी, दोन घाव. दिसायला पक्का.

घरी आणल्यावर बाबांनी लग एका हातात, तार दुसऱ्या हातात धरून नुसती पिळली. तिसऱ्या पिळाला तार बाहेर. आतले निम्मे धागे दाबलेच गेले नव्हते, आणि चार-पाच छिन्नीनं तुटले होते.

"आमच्याकडे एक नियम होता," बाबा म्हणाले. "जोड तुझं वजन पेलेल असा कर. मग तो लोड पेलेल."

ओळखीच्या पॅनेल बनवणाऱ्यांकडून हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन एक दिवसासाठी भाड्यानं आणलं, षटकोनी डायचं. सगळी टोकं कापून परत केली. एक नमुना मुद्दाम दाबला आणि हॅकसॉनं मधोमध कापून पाहिला. धाग्यांच्या मध्ये एकही फट नव्हती, आत सगळं एकसंध तांबं. तो तुकडा मी ठेवून दिलाय. हा आडवा छेद बघितल्यापासून दाबलेल्या लगवर माझा विश्वास बसला. वर आतून गोंद असलेलं हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), म्हणजे पाणी तारेच्या आत चढत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

फ्यूज.

मूळ बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा मिडी फ्यूज बसवला. बाबा स्टुलावर बसून बघत होते.

"हा फ्यूज कुणासाठी? मशीनसाठी का तारेसाठी?"

"तारेसाठी."

"बरोबर. आणि त्या टोकाला?"

त्या टोकाला मी काही ठेवलं नव्हतं. चार्जर तिथं आहे, तो स्वतःला सांभाळतो, असं माझ्या डोक्यात होतं. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं की लाइनवर चढायच्या आधी सबस्टेशनातून परमिट घेऊन लाइन बंद केली तरी ती आधी अर्थ करायची, म्हणजे रॉड लावून जमिनीला जोडायची. का, तर पलीकडे कुणी तरी जनरेटर लावलेला असतो, तो उलटा लाइनवर येतो. "एका बाजूनं बंद केली म्हणजे लाइन मेली असं कधी समजायचं नाही. माझ्या बरोबरची माणसं गेली आहेत त्यात."

या तारांनाही दोन्हीकडे बॅटरी आहे. पुढे गाडीची, मागे आपली. चार्जरच्या पुढे घासून शॉर्ट झालं तर गाडीच्या बॅटरीतून करंट येणार, मागे झालं तर लिथियममधून. चार्जर आणि लिथियम यांच्यामधल्या तारेवर, लिथियमच्या टोकाला, आणखी एक ४० चा फ्यूज घातला. लिथियममधून दिवे-फ्रिज-सीपॅपकडे जाणाऱ्या मुख्य तारेवर टर्मिनलजवळच १०० अँपिअरचा एएनएल, म्हणजे मोठ्या करंटसाठीचा फ्यूज. लिथियम शॉर्ट झाली तर करंट हजारांत जातो, तिथं स्वस्तातला काचेचा किंवा पात्याचा फ्यूज वितळूनही आत ठिणगीचा पूल धरून राहू शकतो. एएनएल ६,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. तिथून पुढे फ्यूज बॉक्समध्ये प्रत्येक वाटेला वेगळा: फ्रिज १५, दिवे ५, पंखा ५, सीपॅप १०.

सीपॅपची वाट पूर्ण स्वतंत्र ठेवली आहे. दिव्याच्या वायरीत काही झालं म्हणून बाबांचं मशीन बंद पडता कामा नये.

१ डिसेंबर, रविवार

पहिल्यांदा चालू केलं. इंजिन सुरू, चार्जरचा हिरवा दिवा लागला, आईनं टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी चार्जर बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद.

मल्टिमीटर घेतलं. मूळ बॅटरीवर १४.१. चार्जरच्या तोंडाशी १३.१. पूर्ण एक व्होल्ट कुठंतरी जात होता, हिशोबाच्या चौपट.

अशा वेळी सगळं उसकटत बसण्यापेक्षा लोड चालू ठेवून एकेका तुकड्यावर मीटर लावत जायचं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून चार्जरच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.१६ व्होल्ट: तार, फ्यूज, जोड मिळून. उत्तम. मग निगेटिव्हची बाजू. चार्जरच्या निगेटिव्हपासून बॉडीच्या बोल्टपर्यंत जवळपास शून्य. बोल्टच्या लगपासून दोन इंचावरच्या उघड्या पत्र्यापर्यंत ०.७.

दोन इंचात पाऊण व्होल्ट. बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ०.७ व्होल्ट गुणिले २२ अँपिअर, पंधरा वॅट, एका बोल्टखाली. छोट्या सोल्डरिंग आयर्नचं टोक पंचवीस वॅटवर कथिल वितळवतं, त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता मी लाकडी कपाटाच्या मागे ठेवली होती. बोल्टखालचा रंग मी खरवडला होता, पण पुरेसा नाही. लगच्या अर्ध्या तोंडाखाली प्रायमर तसाच होता.

पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, घट्ट आवळला. ०.०४ वर आलं, चार्जर अखंड चालला. तरीही बॉडीवरून परतीची वाट रद्द केली. गाडी जुनी आहे, पत्र्याचे सांधे, इंजिनची अर्थ पट्टी, यातलं काय कधी गंजेल त्यावर बाबांची झोप ठेवायची नाही. पुढच्या आठवड्यात काळी तारही सहा मीटर आणून लालच्या शेजारून मूळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेते.

७ डिसेंबर, शनिवार

काळी तार टाकली. चार्जरच्या तोंडाशी इंजिन चालू असताना १३.८. लिथियमच्या निगेटिव्हवर शंट (येणारा-जाणारा करंट मोजणारं उपकरण) बसवला, कारण लिथियमचं व्होल्टेज भरलेली असो वा अर्धी, फारसं हलत नाही. किती उरलंय ते अँपिअर मोजूनच कळतं.

आज रात्री चाचणी. गाडी सोसायटीच्या आवारात, बाबा आत सीपॅप लावून, मी शेजारच्या बर्थवर. मशीन २४ व्होल्टचं आहे. इन्व्हर्टरनं आधी २३० करून मग त्याच्या ॲडॅप्टरनं परत २४ करण्यात दोनदा वीज वाया जाते, म्हणून १२ चे थेट २४ करणारा ॲडॅप्टर घेतलाय. गाडीत सिगारेट लायटरसाठी असतं तसलं सॉकेट, त्यात लावला. थंडी आहे, बाबांनी हीटर चालू ठेवला.

८ डिसेंबर, रविवार

३ वाजून १० मिनिटांनी बाबा उठून बसले. मास्क हातात, श्वास जोरात. मशीन बंद होतं.

मी शंट बघितला. ७१ टक्के शिल्लक. व्होल्टेज १३.१. फ्रिज चालू, दिवा लागला. बॅटरी भरलेली होती आणि तरीही वीज बाबांपर्यंत पोचली नव्हती.

सॉकेटला हात लावला तर गरम. त्यातलं मधलं टोक नुसतं स्प्रिंगनं टेकतं, कडेच्या पट्ट्याही दाबानंच. झोपेत बाबांचा पाय वायरीला लागला असेल, प्लग दोन मिलिमीटर मागे सरकला, टेकणं कमी झालं, हीटरसकटचे साडेचार-पाच अँपिअर तेवढ्याशा जागेतून जात राहिले, तापलं, सुटलं.

बाबा मला काहीच बोलले नाहीत. घरात जाऊन, भिंतीच्या प्लगवर, पुन्हा झोपले. मी सकाळपर्यंत गाडीत बसून होते. साडेपाच मीटरच्या तारेचा मी दशांशापर्यंत हिशोब केला, लग कापून बघितले, आणि शेवटच्या वीतभर अंतरासाठी दुकानात टांगलेलं पहिलं सॉकेट उचललं.

१४ डिसेंबर, शनिवार

ते सॉकेट काढून टाकलं. त्या जागी एक्सटी-६० कनेक्टर, सोन्याचा मुलामा असलेल्या पिना, घट्ट बसणारा, ६० अँपिअर झेलणारा. ओढून काढायला जोर लागतो. वायर बर्थच्या कडेला क्लिपनं बांधली, म्हणजे पाय लागला तरी ओढ क्लिपवर येते, जोडावर नाही.

आणि एक घंटी. सीपॅपच्याच वाटेवर, अगदी शेवटी, एक छोटा १२ व्होल्टचा रिले लावला. वीज येत असते तोवर तो ओढलेला राहतो. वीज गेली की सुटतो, आणि सुटल्यावर जुळणाऱ्या टोकांमधून ९ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर बझर वाजतो. मुख्य बॅटरी मेली, फ्यूज उडाला, वायर सुटली, काहीही झालं तरी वाजणार, कारण त्याला वाजायला मोठ्या बॅटरीची गरजच नाही. बाबांनी स्वतः सोल्डरिंग केलं. हात थोडा थरथरतो आता, पण टाका बसला तो गोल आणि चमकदार.

त्यांच्या डॉक्टरांशीही बोलले. गाडीत झोपायला हरकत नाही, मशीन मध्येच थांबलं तर जाग येते, पण रोज रात्रभर लावलंच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं.

२२ डिसेंबर, रविवार

काल रात्री पुन्हा चाचणी. झोपायच्या आधी बाबांनी स्वतः कनेक्टर ओढून काढला. घंटी वाजली. परत लावला. "हं," म्हणाले आणि आडवे झाले.

रात्री १० ते सकाळी साडेसहा. हीटर कमीवर. सकाळी ६२ टक्के. मला चारदा जाग आली, बाबांना एकदाही नाही.

११ जानेवारी २०२५, शनिवार

दिवेआगर. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव करत पाच तास लागले, थांबत थांबत. निघताना बॅटरी मुद्दाम ४० टक्क्यांवर आणून ठेवली होती. माणगावच्या पुढे कुठंतरी शंटनं १०० दाखवलं. घाटात चार्जरवर हात ठेवून बघितला, कोमट.

आईला सुवर्णगणेशाचं दर्शन घ्यायचं होतं. २०१२ मध्ये मूर्ती चोरीला गेली, २०२१ मध्ये पुन्हा घडवून बसवली, त्यानंतर आई गेलीच नव्हती, कारण बाबा मुक्कामाला येत नव्हते आणि ती एकटी जात नव्हती. संध्याकाळी दोघं देवळातून चालत आले. मी गाडीपाशी थांबून फ्रिजच्या वाटेवरचा क्लँप मीटर बघत होते.

इथं दमट आहे, बाबांनी हीटर बंदच ठेवलाय. पंखा मात्र चालू लागणार.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी ४७ टक्के. फ्रिज उकाड्यानं जास्त चालला, पंखा रात्रभर, सीपॅप सरासरी दोन अँपिअरच्या आत. रात्री दोनच्या सुमाराला गावातली लाइट गेली होती. पलीकडच्या घरगुती खाणावळीचे दिवे एकदम विझले आणि मी खिडकीतून बघत राहिले. मशीनचा आवाज तसाच चालू होता. बाबा सहा वाजता उठले, मास्क काढला, तेव्हा मी त्यांना ते सांगितलं.

"किती वेळ गेली होती?"

"पाऊण तास."

"फीडर ट्रिप झाला असेल," म्हणाले, आणि खाली उतरून किनाऱ्याकडे बघत उभे राहिले.

१८ जानेवारी, शनिवार

परत आल्यावर सगळे बोल्ट पान्यानं तपासले. मूळ बॅटरीच्या निगेटिव्हचा एक पाव फेरा सैल निघाला, खडबडीत रस्त्यानं. स्प्रिंग वॉशर टाकून आवळला, वर व्हॅसलीन. बाकी जोडांवर मार्करनं रेघ मारली, बोल्टपासून पत्र्यापर्यंत सलग. सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. घंटीची ९ व्होल्टची बॅटरी दर सहा महिन्यांनी बदलायची, पुढची तारीख झाकणावर लिहून ठेवली. सोलर पॅनेल पावसाळ्याआधी. बाबांनी कॅलेंडरवर गुहागर लिहून ठेवलंय, महिना अजून ठरलेला नाही.